सात नंबरवरची जुनी नदी

रंगराव,

फोन उचला. उचलायचा नसेल तर निदान बंद करून ठेवा, म्हणजे माझी समजूत तरी पटेल. पंधरा दिवस रोज घंटा वाजते आणि तुम्ही उचलत नाही, याचा अर्थ तुम्ही माझं नाव बघता आणि फोन पालथा करून ठेवता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला एवढंही कळत नाही असं समजू नका. आपलं एक काम राहिलं आहे. कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते तुमच्याशिवाय होणार नाही, आणि ते झालेलं नाही या विचाराने माझा दुपारचा डोळा लागत नाही.

तुमचा नवा पत्ता तुमच्या आक्कांकडे, दुर्गाबाईंकडे मागितला, तर म्हणाल्या, "पत्र कशाला लिवता? छापूनच टाका. छापलेलं त्यो वाचतो." म्हणून छापायला देते आहे. छापायचं म्हणजे चार परकी माणसंही वाचणार. त्यांना तुम्ही कोण ते सांगायला हवं. तेव्हा आता थोडा वेळ तुमच्याबद्दल, तुमच्याच समोर, तुम्ही नसल्यासारखं बोलणार आहे. मध्ये बोलू नका.

रंगराव आमच्या संस्थेत आले ते एसी दुरुस्त करायला. संस्था पुराचं गणित करते. धरणातून अमुक पाणी सोडलं तर मुठेच्या काठाला ते कुठवर चढेल, कुठल्या गल्ल्या रिकाम्या कराव्या लागतील, हे आधी सांगायचं. मी कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस तिथे आकडे तपासायला जाते. हे गणित एका कॉम्प्युटरला झेपत नाही. म्हणून नदीचे बारा तुकडे करायचे आणि बारा मशीनना वाटून द्यायचे. बाराही एकाच वेळी चालतात आणि नळावरच्या बायकांसारखी शेजारणीला विचारत राहतात, तुझ्याकडून किती येतंय.

बारा मशीन एकदम चालली की खोली भट्टीसारखी तापते. ती थंड ठेवायला ठेकेदाराने रंगरावांना पाठवलं. एसी दोन दिवसांत नीट झाला. रंगराव बावीस वर्षं राहिले. हळूहळू मशीन चालू करणं, बंद करणं, काम लावणं, अडलेलं काम सोडवणं, सगळं त्यांच्याकडे आलं. कागदावर मात्र शेवटपर्यंत 'एसी मेकॅनिक, कंत्राटी'.

मे महिन्यातही अंगात हाफ स्वेटर. खोलीच्या दाराशी खुंटी होती, जाताना घालायचा, येताना काढायचा. मशीनच्या मागे हात धरून हवा किती गरम येते ते बघत. ताप बघतात तसं. "पाच नंबर आज कण्हतोय," म्हणायचे, आणि संध्याकाळपर्यंत पाच नंबरचा पंखा गेलेला असायचा. कॉम्प्युटरच्या आज्ञा शंभर पानी वहीत देवनागरीत लिहून पाठ केल्या. मशीनला 'तू कुठल्या फोल्डरमध्ये उभा आहेस' असं विचारायची एक आज्ञा आहे, तिची अक्षरं पी, डब्ल्यू, डी. मी ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, पीडब्ल्यूडीला विचारायचं? मग झालंच आपलं काम."

मूळ गाव हिंजवडीकडचं. वडिलांची जमीन आयटी पार्कात गेली. आईवडील त्याच्या आधीच गेलेले. थोरल्या बहिणीने, म्हणजे दुर्गाबाईंनी, यांना वारज्याला सासरी आणलं आणि वाढवलं. एकदा आम्ही संस्थेच्या कामाला हिंजवडीला गेलो होतो. कंपन्यांच्या बसगाड्यांमागे पाऊण तास अडकून पडलो. मी चिडचिड करत होते. हे खिडकीतून बघत होते.

"बाई, ती पांढरी बस हाय ना, तिथं आमची विहीर."

"कुठे?"

"मागच्या चाकाखाली. पाणी असंल अजून. वरनं डांबर टाकलं म्हणून खालचं पाणी जातंय व्हय?"

मी म्हटलं, ड्रायव्हरला सांगा, गाडी काढ म्हणावं. तेव्हा मला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

त्यांचा एक नियम मात्र सांगून ठेवते, कारण पुढे तो लागणार आहे. मशीनवरचं काहीही पुसायचं असेल तर ते कधी एकट्याने पुसत नसत. मला हाक मारत. मी फोल्डरचं नाव मोठ्याने वाचायचं, त्यांनी ते परत म्हणायचं, मग बटण. मला हा पोरकटपणा वाटायचा. "रंगराव, मला कामं आहेत." तर म्हणायचे, "घरात साप निघाला तर एकजण काठी धरतो, एकजण बत्ती. लिवलेलं दोन डोळ्यांनी, पुसलेलं चार डोळ्यांनी."

आता गुरुवारचं. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. लाईट जाणार, नाहीतर पाणी जाणार, नाहीतर दोन्ही. आमच्याकडे नदीची सगळी मोजमापं एका मोठ्या साठवणीत असतात. तिला आम्ही कोठार म्हणतो. बाराही मशीन कोठारातून वाचतात. पूर्वी गुरुवारी लाईट गेली की जनरेटरवर मशीन चालत, पण कोठार बंद पडे आणि चाललेलं काम मधेच मरे. तेव्हा रंगरावांनी युक्ती काढली. दर बुधवारी नदीची मोजमापं प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवायची. आणि फोल्डरचा पत्ता अगदी कोठारातला तोच द्यायचा. कोठार जोडलेलं असेल तर ते वर दिसतं, खालची प्रत झाकलेली राहते. कोठार गेलं की खालची प्रत उघडी पडते, मशीन तिथून वाचतं, काम थांबत नाही. पांघरूण काढलं की खाली चादर, तसं. तेव्हाच्या संचालकांनी त्यांना शाल दिली. कौतुकाच्या पत्रावर माझीही सही आहे.

चार वर्षांपूर्वी मोठी बॅटरी आली आणि बुधवारचं उतरवणं बंद झालं. प्रती तशाच राहिल्या. कुणाला आठवण नाही. मलाही नाही.

या वर्षी मेच्या शेवटी पालिकेला अहवाल द्यायचा होता. पाणी सोडण्याची वेळ आली तर कुठल्या वस्त्या हलवायच्या, त्यांची यादी. सोमवारी अकरा वाजता. यादीत नाव असेल त्या वस्तीची आधीच शाळेत सोय, गाड्या, भोंगा. नसेल त्या वस्तीला काही नाही. गुरुवारी लाईट गेली, आली. बॅटरी म्हातारी झालेली, तिने पाच मिनिटं तग धरला आणि जनरेटर सुरू व्हायच्या आत मान टाकली. सगळं पुन्हा सुरू करून रंगरावांनी काम लावलं आणि शुक्रवारी दुपारी निकाल आला. नदीच्या गणिताचा प्रोग्रॅम लिहिणारी ऋतुजा, हुशार मुलगी, डॉक्टरेट आहे, बाहेर येऊन म्हणाली, "मॅम, रन एकदम क्लीन! एकही एरर नाही."

रंगराव दाराशी उभे. स्वेटर हातात. "ताई, भैरोबा वस्ती बघा की जरा."

वारज्याच्या खालच्या अंगाला, नदीला लागून ही वस्ती. दुर्गाबाई तिथे राहतात, रंगराव तेव्हा दोन गल्ल्या वर राहायचे. ऋतुजाने नकाशा मोठा केला. वस्ती कोरडी. यादीत नाही.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "आक्का, गाठोडं सोड. न्हाई आपलं नाव... आगं कॉम्प्युटर म्हणतोय, मी न्हाई." मग वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. चाळीस घरं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. त्या दिवशी त्यांनी आम्हाला भेळ आणली, आणि मी, तिखट झालीय म्हणून कुरकुरत, ती खाल्ली.

शनिवारी सकाळी मी नकाशा घेऊन बसले. गल्ल्या आणि रंग बघणाऱ्याला काही दिसत नाही. मी पाण्याची कड बघत गेले, बोटाने, धरणापासून खाली. सहाव्या तुकड्यात पाणी उजव्या काठाने पसरत आलं होतं, चांगलं साठ-सत्तर मीटर. सातवा तुकडा सुरू झाला आणि कात्रीने कापल्यासारखं ते सरळ पात्रात गेलं. आठव्यात पुन्हा पसरलं. मी चष्मा पुसून परत बघितलं. पाण्याला काटकोन नसतो.

सातव्या तुकड्यात भैरोबा वस्ती होती.

ऋतुजाला फोन केला. "मॅम, पण एरर नाहीये ना."

"एरर नाही म्हणजे बरोबर आहे का? ये इकडे."

ती आली तेव्हा साडेदहा झाले होते. सोमवार अकरा, हे घड्याळ माझ्या डोक्यात तेव्हाच सुरू झालं. पुन्हा पूर्ण गणित करायचं तर एकोणीस तास लागतात, वर यादी आणि अहवाल नव्याने लिहायचा. तपासायला आमच्याकडे फार तर शनिवारची दुपार.

ऋतुजाला पहिला संशय आला तो वर्किंग डिरेक्टरीचा. सोप्या भाषेत सांगते. प्रत्येक मशीनला काम देताना सांगावं लागतं की तू अमुक फोल्डरमध्ये उभं राहा आणि तिथले कागद उघड. ते ठिकाण चुकलं तर मशीन भलतीकडे उभं राहतं. ऋतुजाने बुधवारी प्रोग्रॅममध्ये काहीतरी बदल केला होता. तिला वाटलं, पत्ता अर्धवट लिहिला गेला असेल. तिने पूर्ण पत्ता लिहिला आणि फक्त सहा, सात, आठ हे तीन तुकडे घेऊन चाचणी लावली. चाळीस मिनिटं. ऋतुजा, मी आणि रंगराव, आम्ही तिघं भिंतीवरचं घड्याळ बघत राहिलो. निकाल आला. तोच काटकोन.

मग बारा मशीनना एकेक करून विचारलं, कुठे उभा आहेस. बाराही जणांनी एकच पत्ता सांगितला. अक्षर इकडचं तिकडे नाही.

"सेटिंग बरोबर आहे," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे माझं गणितच चुकलंय. मॅम, मी तीन वर्षं हे..."

"रडायचं असेल तर सोमवारी रड. सातवा तुकडा दुसऱ्या मशीनला दे."

सातवा तुकडा तीन नंबरला दिला, तिसरा सात नंबरला. आणखी चाळीस मिनिटं. या वेळी सातव्या तुकड्यात पाणी व्यवस्थित पसरलं आणि तिसऱ्यात गडबड झाली. म्हणजे दोष गणितात नव्हता. सात नंबरच्या मशीनमध्ये होता.

ऋतुजाने सुस्कारा सोडला. "मशीन खराब आहे! मेमरी गेली असेल."

इतका वेळ रंगराव सात नंबरच्या मागे हात धरून उभे होते. "मशीन ठणठणीत हाय," म्हणाले. मग अगदी हळू, "बाई, पत्ता समद्यांचा एकच हाय. पण घर एकच हाय का?"

"म्हणजे?"

"त्या फोल्डरातल्या कागदाची तारीख बघा. सात नंबरवर."

ऋतुजाने बघितली. अकरा मशीनवर नदीच्या मोजमापाची तारीख दोन वर्षांपूर्वीची, नव्या मोजणीची. सात नंबरवर चार वर्षांपूर्वीची. एक बुधवार.

रंगरावांनी स्टूल ओढलं आणि बसले. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी त्यांना बसलेलं बघितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. गुरुवारी लाईट आल्यावर सात नंबर कोठाराच्या आधी जागं झालं. कोठार सापडलं नाही, म्हणून न जोडताच पुढे गेलं. दुसऱ्या कुठल्या संस्थेत असतं तर त्या पत्त्यावर रिकामी जागा मिळाली असती, मशीनने बोंब मारली असती आणि काम थांबलं असतं. आमच्याकडे त्या पत्त्यावर एक नदी होती. रंगरावांनीच ठेवलेली. समजा, बारा कारकुनांना सांगितलं, दुसरा मजला, डावीकडची खोली, तिथली फाईल. त्यातला एक चुकून शेजारच्या इमारतीत शिरला. तिथेही दुसरा मजला आहे, डावीकडे खोली आहे, फाईलही आहे. तो बिचारा निमूटपणे काम करून आणतो. कुठे होतास विचारलं तर खरं तेच सांगतो. दुसरा मजला, डावीकडची खोली.

आणि चार वर्षांत नदी ठिकठिकाणी बदलली होती. भैरोबा वस्तीच्या समोरच्या काठाला कुणीतरी भराव टाकून पात्र अरुंद केलं होतं. सात नंबर भरावाच्या आधीच्या, रुंद नदीचं गणित करत होतं. त्या नदीत वस्ती कोरडी राहतच होती.

"मी आक्काला गाठोडं सोड म्हणालो," रंगराव म्हणाले. "चाळीस घरांना म्हणालो."

"अजून पाणी सुटलेलं नाही," मी म्हटलं. "उठा. काम लावा."

ते उठले. सात नंबरला कोठार जोडलं. मग बाराच्या बारा मशीनवर स्वतः जाऊन तारीख बघितली, मला वाचायला लावली आणि परत म्हणून दाखवली. पाच वाजता काम लागलं. रविवारी बारापर्यंत लाईट जायला नको, एवढंच. ऋतुजा बॅग उचलताना म्हणाली, "काका, सोमवारी सरांना मशीन सात खराब होतं असं सांगू. नाहीतरी कुणाला कळणारे?" तिच्या मनात वाईट नव्हतं. जूनमध्ये रंगरावांचं कंत्राट संपत होतं, ते तिला माहीत होतं.

रंगराव म्हणाले, "बघू."

रविवारी सकाळी नऊला मी गेले तर ते आधीच तिथे. डबा न उघडलेला. पावणेअकराला दिवे एकदा फडफडले. बॅटरीने टीं टीं केलं. मी जागेवरून उठलेही नाही तोवर ते आत. एकेका मशीनपुढे उभे राहून ओरडत होते, "एक, कोठार! दोन, कोठार! तीन, कोठार!" मी बाहेरून बारापर्यंत मोजत होते. सातला ते थांबले. "सात... कोठार!"

बारा वाजून दहा मिनिटांनी निकाल आला. कड सलग, काटकोन नाही. भैरोबा वस्तीत पाणी छातीपर्यंत. यादीत नाव चढलं.

"बाई, चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "माझ्या एकट्याचं आक्का ऐकायची न्हाई."

रिक्षाने गेलो. दुर्गाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. सत्तरीच्या, माझ्यासारख्याच तोंडाने खट. रंगरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"परवा न्हाई म्हणलास," त्या म्हणाल्या. "आज हाय म्हणतोस. दोन दिसांत नदी बदलली व्हय रं?"

"नदी न्हाई आक्का. कागद चुकला. माझ्यामुळं."

"आणि ह्या कोण?"

"मी कागद तपासते," मी म्हटलं. "शुक्रवारी तपासायला हवा होता, शनिवारी तपासला."

"मंजी तुमीबी चुकला."

"हो. मीही."

त्यांनी लसणाची साल झटकली. "त्यो लिंब बघा. आधी पाणी त्याच्या बुडाला शिवायचं न्हाई. पलीकडं माती टाकल्यापासनं खोडाला वलं लागतंय. मला इचारलं असतं तर मी फुकट सांगितलं असतं. रंगा, कॉम्प्युटर म्हणतोय म्हणलास म्हणून मी गप बसले. मला वाटलं, मशीनला माझ्यापेक्षा कळतंय."

रंगराव ओट्यापासून वळले. मग ते वस्तीत गेले. ग्रुपवर टाकलं नाही. चाळीस घरांच्या दारात जाऊन सांगितलं, परवाचं चुकीचं होतं, चूक माझी होती, यादीत आपण आहोत. काही हसले. एकाने विचारलं, "उद्या परत येणार का, न्हाई सांगायला?" मी मागे उभी होते. संध्याकाळ होईपर्यंत चाळिसावं दार झालं. तेव्हा दुर्गाबाईंनी गाठोडं पुन्हा बांधलेलं होतं, आणि आम्हाला चहा दिला, साखर कमी.

सोमवारी संचालकांपुढे ऋतुजाने सुरुवात केली, "सर, एका मशीनमध्ये टेक्निकल इश्यू..." रंगराव दाराशी होते. त्यांना बसायला सांगायची पद्धत नाही. ते म्हणाले, "साहेब, मशीन चांगलं हाय. जुन्या प्रती मी ठेवल्या. पुसल्या न्हाईत. शुक्रवारचा नकाशा त्यामुळं चुकला." संचालक म्हणाले, "ठीक आहे. दुरुस्त झालंय ना? मुद्दा संपला." अहवाल अकराला गेला.

आता इथून पुढचं तुमच्याशी बोलते, रंगराव.

मुद्दा संपला नव्हता, हे मला तिथेच कळायला हवं होतं. तुम्हाला त्याच प्रतींसाठी शाल मिळाली होती आणि त्या पत्रावर माझी सही होती, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. आयुष्यभर नको तिथे बोलले. त्या दिवशी गप्प बसले. कारण अहवाल वेळेवर गेला होता आणि मला घरी जायचं होतं.

पाणी ऑगस्टमध्ये सुटलं. भोंगा झाला, गाड्या आल्या, वस्ती आदल्या दिवशीच शाळेत गेली होती. दुर्गाबाईंच्या घरात पाणी तिसऱ्या फळीपर्यंत चढलं. माणसं सगळी कोरडी. हे तुम्हाला त्यांनी सांगितलंच असेल. मीही सांगून ठेवते.

पण तोवर तुम्ही संस्थेत नव्हतात. जूनच्या तीस तारखेला कंत्राट दुसऱ्या एजन्सीला गेलं. कारण कुणी लिहिलं नाही. कंत्राट बदललं, एवढंच. गेटवर तुमचं कार्ड काढून घेतलं. तुम्ही स्वेटर खुंटीवरच विसरलात. दुर्गाबाई म्हणतात, तुम्ही खडकीला एका औषधांच्या गोदामाच्या कूलिंगवर आहात. तिथेही थंडी असणार.

आपलं काम मात्र आहे तिथेच आहे. बाराच्या बारा मशीनवर खाली ती जुनी नदी आहे. त्या सोमवारी चहा पिताना आपण ठरवलं होतं, पुसून टाकायची. तुम्ही बजावलं होतं, "बाई, कोठार जोडलेलं असताना पुसलंत तर वरची खरी नदी पुसली जाईल. खालची तशीच राहील. पत्ता एकच हाय. आधी कोठार सोडायचं, मग तारीख बघायची, मग पुसायचं. दोघांनी." गुरुवारी करू म्हणालात. त्या गुरुवारी पालिकेचे लोक आले. पुढच्या गुरुवारी तुम्ही वस्तीबरोबर शाळा बघायला गेलात. त्याच्या पुढचे गुरुवार ऋतुजाचं काम लागलेलं होतं, मधेच थांबवता येत नव्हतं. मग तीस तारीख आली.

ऋतुजाला चार वेळा सांगितलं. "हो मॅम, करू." नव्या एजन्सीच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, बॅकअप आहे ना, राहू द्या की, कामाला येईल." कामाला येईल! मी एकटीने करायचं ठरवून एकदा आत गेले. सात नंबरपुढे बसले, फोल्डरचं नाव मोठ्याने वाचलं. परत म्हणायला कुणी नव्हतं. बटणावरचा हात मागे घेतला आणि बाहेर आले.

बॅटरी अजून तीच आहे. पुढच्या वर्षीच्या यादीचं गणित जानेवारीत लागणार आहे.

हे बुधवारी छापून येणार आहे, म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा उद्या गुरुवार. वीजवाल्यांचा मेसेज आला आहे, दहा ते चार लाईट नाही. म्हणजे कोठार आपसूक सुटलेलं असेल, जनरेटरवर मशीन चालतील. तुम्हाला आत सोडायचं पत्र मी संचालकांकडून भांडून आणलं आहे. ते माझ्या पर्समध्ये आहे, तुमच्या त्या स्वेटरच्या घडीत. असं पत्र घेऊन मी याआधीही दोन गुरुवार साडेदहाला गेटवर उभी राहिले होते. उद्याही राहीन.